सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही

‘जुना डेस्कटॉप मंद झालाय? सॉकेट बघा, त्यात बसणारा सर्वांत जास्त गिगाहर्ट्झचा सेकंडहँड प्रोसेसर टाका, फॉरमॅट मारा, मशीन नव्यासारखं पळेल. विंडोज ११ सुद्धा चालेल.’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय. प्रोसेसर बदलायला माझा विरोध नाही, योग्य मशीनमध्ये तो उत्तम उपाय आहे. पण या सल्ल्यावर विसंबून लोक भलताच प्रोसेसर घेऊन बसतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

आधी सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा. इंटेलचं एलजीए ११५१ घ्या. २०१५ पासूनचे सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर यात बसतात. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या आणि नंतर नवव्या पिढीच्या सॉकेटचंही नाव तेच, पिनाही तेवढ्याच. तरी या दोन पिढ्यांना ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो. एच११० किंवा बी२५० या आधीच्या चिपसेटच्या बोर्डावर आठव्या पिढीचा आय५ चढवला, तर तो नीट बसेल आणि स्क्रीन काळीच राहील. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून तो चालवणारे आहेत, पण ते ज्याला बायोस परत भरता येतो त्याचं काम.

एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये गोष्ट वेगळी आहे. २०१७ च्या अनेक बी३५० बोर्डांवर आज रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर चालतो. मात्र बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करायचा. हा क्रम चुकला की मशीन सुरूच होत नाही. म्हणून सॉकेटच्या नावावर न थांबता बोर्डाचं पूर्ण मॉडेल शोधा आणि उत्पादकाची प्रोसेसर-यादी उघडा. कोणत्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते, ते तिथे लिहिलेलं असतं. शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर आय५-९४००एफ किंवा रायझन ५ ३६०० घेऊ नका. त्यांच्यात ग्राफिक्सच नाही.

गिगाहर्ट्झचा दावा तर २००६ मध्येच निकालात निघाला होता. २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला सहज मागे टाकलं. एकाच पिढीतही हा आकडा फसवतो. आय३-४१३० आणि आय७-४७७० या दोघांचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झच आहे. पण पहिल्यात २ कोअर (काम करणारे भाग) आणि ३ एमबी कॅश (आतली जलद मेमरी), दुसऱ्यात ४ कोअर आणि ८ एमबी. उष्णतेचा आकडाही ५४ वॉटवरून ८४ वर जातो, तेव्हा कूलर तेवढा सक्षम आहे का ते बघा आणि थर्मल पेस्ट नवी लावा.

आणि मंदपणाचं मूळ प्रोसेसरमध्येच आहे हे कुणी ठरवलं? टास्क मॅनेजर उघडा. मशीन अडकत असताना डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर २० टक्के दिसत असेल, तर आय७ टाकूनही काही फरक पडणार नाही. विखुरलेला डेटा वाचताना फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचनं करते, साधी साटा एसएसडी हजारोंनी. आधी एसएसडी बसवा.

फॉरमॅटची गरज सहसा नसते. बोर्ड तोच असला की विंडोज नवा प्रोसेसर स्वतः ओळखतं. मात्र रायझनवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर ते आधी तात्पुरतं थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की जपून ठेवा. तिथे टीपीएम, म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारा सुरक्षा-भाग, बहुधा प्रोसेसरच्या आतच असतं, तो बदलला की जुन्या किल्ल्याही जातात.

राहिलं विंडोज ११. त्याच्या अधिकृत अटींत टीपीएम २.० आहे आणि मान्य इंटेल प्रोसेसरची यादी जवळजवळ सगळी आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे चौथ्या पिढीच्या बोर्डावर आय७-४७९०के हा वरचा प्रोसेसर टाकला, तरी ते मशीन यादीबाहेरच राहतं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ नाही. पण पहिल्या पिढीचा रायझन असलेल्या बी३५० बोर्डावर रायझन ५ ५६०० चालत असेल, तर तो जरूर घ्या. वेग वाढतो, आणि बायोसमध्ये टीपीएम व सिक्युअर बूट सुरू केलं की विंडोज ११ चा रस्ताही मोकळा होतो.