अस्सल लोकल जागेत नऊ जणांनी कसं जावं

मित्रांबरोबर परगावी गेलात की पर्यटकांच्या हॉटेलात पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. ती हॉटेलं इतर पर्यटकांसाठी असतात. तुम्ही पर्यटक नाही. पाठीवर सॅक आहे, डोळ्यांवर नवा गॉगल आहे आणि मोबाइलमधला नकाशा तुम्ही उलटा धरलाय, पण ते वेगळं. तुम्हाला हवी असते गल्लीच्या आतली, धड पाटीही नसलेली, तिथल्याच माणसांनी भरलेली जागा. अशा जागेत चार टेबलं असतात आणि तुम्ही असता नऊ जण. हा त्या जागेचा प्रश्न आहे.

आता जागा ठरवायची कशी? कुणी विचारलं, ‘काय खायचं?’ की ताबडतोब म्हणा, ‘मला काहीही चालेल.’ हे वाक्य नऊही तोंडांतून एकेकदा निघाल्याशिवाय चर्चा सुरू झाली असं मानत नाहीत. त्यानंतर सुचवलेल्या प्रत्येक जागेला ‘चालेल, पण...’ एवढंच म्हणायचं. तासाभराने सगळ्यात भुकेला माणूस वैतागून काहीतरी बोलून जाईल आणि बाकीचे माना डोलावतील. पुढे जेवण वाईट निघालं तर ती जागा कुणी सुचवली हे सगळ्यांना पक्कं आठवतं, ही या पद्धतीची खरी सोय.

या प्रकाराला शास्त्रातही जागा आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक जेरी हार्वे यांनी १९७४ साली स्वतःच्या सासुरवाडीची गोष्ट लिहिली. टेक्सासातल्या कोलमन गावी भर उन्हाळ्यात मंडळी घरात मजेत खेळत बसली होती. सासरे म्हणाले, अ‍ॅबिलीनला जेवायला जाऊ या. अ‍ॅबिलीन ५३ मैलांवर, गाडीला एसी नाही. सगळे ‘छान कल्पना’ म्हणत निघाले, भिकार जेवले, घामाघूम होऊन परतले. मग एकेकाने तोंड उघडलं, तेव्हा कळलं की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनीसुद्धा बाकीचे कंटाळले असतील म्हणून विषय काढला होता. तिथे चारच माणसं होती. नऊ जणांना तर जाऊन-येऊन १०६ मैल म्हणजे काहीच नाही. (लोकांनी जेवणासाठी लांब जावं ही इच्छा टायरवाल्यांचीही होतीच. मिशेलिनने १९०० साली आपलं गाइड काढलं ते मोटारी जास्त धावाव्यात म्हणून. पुढे त्यात हॉटेलांना मिळू लागलेल्या तीन ताऱ्यांचा अर्थच मुळी ‘मुद्दाम प्रवास करून जावं असं’.)

तोंडाने ठरत नसेल तर मोबाइल काढा आणि रिव्ह्यू वाचा. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवावा. ओळखीची माणसं काय, समोर बसलेलीच आहेत. २०१७ साली लंडनमध्ये एका पत्रकाराने आपण राहत होतो ती बागेतली शेडच रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवली, खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि पदार्थांच्या फोटोंत दाढीचा फेस वापरला. कुणालाही घासभर वाढण्याआधी ती जागा लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. साहजिकच आहे. जेवणच नाही, तर तक्रार कशाची करणार?

असो, पोचलात. आत शिरल्याबरोबर टेबलं जोडायला घ्या. वेटरची वाट बघू नका. फरशीवर टेबल ओढल्याचा आवाज झाला की आपण आल्याचं सगळ्यांना आपोआप समजतं. कोपऱ्यात रोजच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले असतील. त्यांच्यासाठीच तर तुम्ही ही जागा निवडलीत. त्यांना नम्रपणे थोडं सरकायला सांगा, फोटोत भिंत नीट येत नाहीये. नंतर वेटरला विचारा, ‘इथलं स्पेशल काय?’ तो मनापासून सांगेल, घटक सांगेल, कसं करतात तेही सांगेल. सगळं ऐकून घ्या आणि घराजवळ दर शनिवारी मागवता तेच मागवा.

बारमध्ये राउंडची पद्धत धरा. प्रत्येकाने एकदा सगळ्यांना पाजायचं, म्हणजे कुणाचे उपकार कुणावर राहत नाहीत. नऊ जण म्हणजे माणशी नऊ ग्लास. हे गणित आहे, इथे इच्छेचा प्रश्न येत नाही. चौथ्या ग्लासाला उठू बघणारा मित्र उपकार बुडवून पळतोय असंच समजावं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारला ही मैत्री बघवली नाही. ऑक्टोबर १९१५मध्ये लंडनमध्ये दुसऱ्याला दारू पाजणं हाच गुन्हा ठरवला गेला. पाजणारा, पिणारा आणि देणारा बारवाला, तिघेही दोषी. आज असला कायदा नाही, त्यामुळे आग्रह करणारा मित्र मोकाट असतो.

प्रत्येक ग्रुपला एक न पिणारा मित्र लागतो. नसेल तर मिळवा. त्याला रात्रभर ‘अरे, एकाने काय होतंय?’ असं विचारत राहावं आणि शेवटी गाडीची किल्ली त्याच्याच हातात द्यावी. तो नसेल तर कुणीतरी ‘कॉफी घेतो आणि चालवतो’ म्हणतोच. कॉफी यकृताचं काम करत नाही; तिने डोळे टक्क उघडे असलेला पिलेला माणूस तयार होतो. अशा वेळी टॅक्सी बोलवावी असं सुचवणारा माणूस ग्रुपमध्ये नवीन असतो.

राहिलं बिल. टीटीएमएम, म्हणजे ‘तू तुझं, मी माझं’, हे कोत्या मनाचं लक्षण. बिल नेहमी समान वाटावं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा-सहा जणांच्या गटांना जेवायला बसवलं होतं. ज्यांना बिल समान वाटायचं होतं, त्यांनी आपापलं बिल भरणाऱ्यांपेक्षा माणशी सुमारे एक तृतीयांश जास्त पैशांचं मागवलं. गंमत म्हणजे आधी विचारलं तेव्हा बहुतेकांना आपापलंच भरायचं होतं. पण हे मोठ्याने कोण म्हणणार? तुम्ही म्हणू नका. उलट महागातली डिश मागवा. तिचे आठ नवमांश पैसे मित्र देतात. त्यातला एक नवमांश तो न पिणारा देतो, वर त्याने नऊ राउंडांचाही वाटा उचललेला असतो. त्याने स्वतः लिंबूपाणी घेतलं ही त्याची आवड.

दुसऱ्या दिवशी डोकेदुखी जरा उतरली की रिव्ह्यू लिहायला विसरू नका. ‘जागा अस्सल आहे, पण हल्ली गोंगाट करणारे पर्यटक फार येतात’ असं लिहून एक तारा कापा. खाली नेमका पत्ता द्या, गल्लीत कुठे वळायचं तेही सांगा आणि मोठा ग्रुप असेल तर टेबलं जोडून मिळतात हे आवर्जून लिहा.