तुम्ही काय, लोकलच!

भाचीचं डेस्टिनेशन वेडिंग ठरलं तेव्हा मी ताईला विचारलं, "कुठे? गोवा की उदयपूर?" ती पुण्याहून म्हणाली, "नाशिक." मी राहतो नाशिकच्याच सिडकोत. म्हणजे हे डेस्टिनेशन माझ्या घरापासून पंधराएक किलोमीटरवर, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, द्राक्षमळ्यातल्या रिसॉर्टवर.

तारखेची घाई सिंहस्थामुळे. गुरू सिंहेत गेला की लग्न करू नये, असं आत्याचं म्हणणं. सिंहस्थाची गर्दी सुरू झाली की खोल्या मिळणार नाहीत, असं प्लॅनरचं. शास्त्र आणि धंदा यांचं फेब्रुवारीवर एकमत झालं.

मग व्हॉट्सॲपवर शिष्टाचारांची अकरा पानी पीडीएफ आली. पत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' नाही. आहेर नाही. संध्याकाळी सगळ्यांनी फिक्या रंगात यायचं. आणि किती जण येणार, ते महिनाभर आधी नक्की कळवायचं.

इथेच गाडी अडली. सिन्नरच्या काकांनी "बघू, जमेल तसं," असं कळवलं. प्लॅनर पोरगा मला फोनवर म्हणाला, "अंकल, 'बघू' म्हणजे येस की नो?"

म्हटलं, "लिही, पाच जण."

त्याच्या यादीत प्रत्येकापुढे खोली नंबर होता. माझ्या नावापुढे 'लोकल'. याचा अर्थ मुंबईच्या आत्याने सांगितला, "लोकल म्हणजे जिला सगळे लटकतात ती." आणि ती स्वतः दोन दिवस आधीच आमच्याकडे उतरली. रिसॉर्टची खोली दुपारी दोनच्या आधी मिळत नाही, एवढंच कारण पाहुण्यांना पुरलं. आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं आणि अंघोळीला एक गिझर. सकाळी सगळ्यांना मिसळ हवी, तीही "तुमच्या त्या नेहमीच्या ठिकाणची", पापड, दही, जादा रस्सा सगळं बांधून. मी रश्श्याची पिशवी स्कूटरच्या हँडलला लटकवून आणली. ती मायको सर्कलला फुटली. माझ्या पॅन्टवरचा डाग पाहून बायकोने आधी विचारलं, "पाव कोरडे आहेत ना?"

मग नाशिक रोड स्टेशनच्या तीन फेऱ्या. मध्ये एकदा त्र्यंबकेश्वर, कारण "इथवर आलोच आहोत तर". नऊवारी नेसलेल्या दोन काकूंना दर्शनाच्या रांगेत सोडून मी दीड तास चपला सांभाळल्या.

गोरज मुहूर्ताला मी नाशिक रोडहून शेवटचे पाहुणे घेऊन पोचलो. ते मनगटावर पट्ट्या बांधून आत गेले. मला गेटवरच्या मुलाने थांबवलं. "सर, तुमचा बँड?"

"मी लोकल."

"लोकल व्हेंडरची एंट्री मागून आहे."

तेवढ्यात माइकवरून गुरुजींचा खणखणीत आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मी गेटच्या बाहेरून ओरडलो, "आलो!" आवाज धरणापर्यंत गेला असावा, कारण मळ्यातले बगळे उडाले. पोरगा चमकून बाजूला झाला आणि मी रश्श्याचा डाग पडलेल्या पॅन्टीत भाचीच्या मागे उभा राहिलो. फिक्या रंगाच्या सक्तीचा भंग करणारे आम्ही दोघेच: मी, आणि पेस्टल साडीवर घरची जाड चॉकलेटी शाल घेतलेली आत्या. फेब्रुवारीतल्या नाशिकच्या संध्याकाळी धरणाकाठी पेस्टलमध्ये माणसं कशी कुडकुडतात, हे पीडीएफमध्ये नव्हतं.

लॉन खराब होतो म्हणून अक्षतांना बंदी, हातात गुलाबाच्या पाकळ्या दिलेल्या. मंगलाष्टकं सुरू झाली तशी आत्याने शालीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि गुपचूप पाच-सहा बायकांना वाटली. 'शुभमंगल सावधान'ला पाकळ्यांबरोबर तांदूळही पडले. प्लॅनर काही बोलला नाही. त्यानेही मूठभर अक्षता घेतल्या होत्या.

गेल्या आठवड्यात बोरिवलीच्या मावसभावाचा फोन आला. "सिंहस्थाला येतोय. रामकुंड तुझ्याकडून किती लांब?"

"जवळच आहे. किती जण?"

"बघू," तो म्हणाला.

मी माळ्यावरच्या पाच गाद्या खाली काढल्या.