चोपड्याच्या नानांना: नर्सिंगनंतर परदेशात डॉक्टरकी

नाना, राम राम.

नर्सिंग झालेल्या मुलींना परदेशात डॉक्टर होता येतं, या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘ताई, तीस वर्षं विज्ञान शिकवलं म्हणून सांगतो, नर्सची डॉक्टर होत नसते. तुम्ही पोरींना वेड लावताय आणि एजंटांचं दुकान चालवताय.’ घरात हळदीची गडबड होती, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

अर्धा राग मला मान्य आहे. मी नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, विषय एका ओळीत उरकला, ते चुकलंच. २०१८ पासून परदेशात एमबीबीएस करून इथं परतायचं तर नीट पास असावंच लागतं. बी.एस्सी. नर्सिंगची डिग्री हातात असली तरी त्यातून सूट नाही. वयाची वरची अट नाही, एवढाच काय तो दिलासा.

आता दुकानाचं. माझी भाची अमळनेरची, जळगावात आयसीयूला नर्स आहे. मे महिन्यात तिच्याबरोबर एका एजंटाच्या सेमिनारला गेले होते. बाहेर अंगाची लाही, आत गार एसी, समोसा आणि चकचकीत फोल्डर. टाय लावलेला पोरगा म्हणाला, ‘नर्सिंग झालंय ना? मग पहिली दोन वर्षं माफ, डायरेक्ट तिसऱ्या वर्षाला ॲडमिशन.’ भाचीचा चेहरा असा खुलला की मला बोलवेना. तरी विचारलं, ‘मग ५४ महिन्यांचं काय?’ त्यानं फोल्डर उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, ‘ते नंतर बघू, मॅडम.’

नंतर बघण्यासारखं ते नाहीच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०२१ चा नियम असा: एकाच कॉलेजात इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिने शिक्षण, तिथंच १२ महिने इंटर्नशिप, त्या देशात प्रॅक्टिसची परवानगी, परत आल्यावर इथं आणखी १२ महिने इंटर्नशिप. शिवाय एफएमजीई, म्हणजे परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांची इथली परीक्षा, ३०० प्रश्नांत १५० बरोबर यावे लागतात. दोन वर्षं ‘माफ’ झाली की ५४ महिने भरत नाहीत, म्हणजे ती डिग्री इथं कागदच. सगळं धरून साडेसहा वर्षं. भाची २४ ची आहे, नीटचं एक वर्ष धरा, वयाच्या बत्तिसाला टेकेल. तिची आजी म्हणतेच, ‘बठ्ठं शिकी लिधं, आते काय ऱ्हायनं?’ (सगळं शिकून घेतलं, आता काय राहिलं?)

म्हणून मी तिला पहिला प्रश्न देशाचा किंवा फीचा नाही विचारला. ‘परत यायचंय का?’ एवढंच विचारलं. कारण तिथंच राहायचं असेल तर हिशेब उलटा होतो. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात पदवीनंतर चार वर्षांची डॉक्टरकी आहे, नर्सिंगची पदवीही बऱ्याच ठिकाणी चालते. पण चार वर्षं म्हणजे ४८ महिने. आपल्या नियमाला सहा कमी! आणि ती दारं तरी सताड उघडी कुठं आहेत? ब्रिटनमध्ये अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, त्यातही या छोट्या कोर्सच्या बऱ्याच जागा तिथल्याच विद्यार्थ्यांना. अमेरिकेत एमकॅट ही तिथली प्रवेश परीक्षा द्या, आणि बरीच कॉलेजं वर म्हणतात की काही विषय अमेरिकेत किंवा कॅनडात शिकून या. सरकारी कर्ज परदेशी मुलांना नाही. नर्सिंगच्या चार वर्षांत फिजिक्स-केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं कुठली, ती वेगळी करावी लागतात.

पण ‘नर्सची डॉक्टर होत नसते’ हे मात्र मी मानणार नाही. पहाटे चारला मॉनिटरचा आवाज जरा बदलला तर भाची चहाचा कप अर्धा ठेवून उठते. सापडत नसलेली शीर तिला बोटानं कळते. कुठल्या नातेवाइकाला आत्ता सांगायचं आणि कुणाला सकाळी, हेही. या कामानं परीक्षेत एक मार्क वाढत नाही, खरंय. पण तिकडच्या कॉलेजांच्या मुलाखतीत ‘डॉक्टर का व्हायचंय’ विचारतात, तिथं तिला पाठ केलेलं उत्तर लागणार नाही.

तिनं ठरवलंय परत यायचं. म्हणजे नीट द्यायचीच. नाइट ड्यूटी करून आली की ओट्यावर चटई टाकून अकरावीचं फिजिक्स उघडते. मागच्या आठवड्यापासून रोटेशनल मोशनवर गाडी अडलीय, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही तीस वर्षं विज्ञान शिकवलंय म्हणालात. रविवारी तिला सुट्टी असते, अमळनेरहून चोपडा काही लांब नाही. पाठवू का?