आत्या, वैष्णोदेवीच्या नाण्याचे दहा लाख कोणी देत नाही

“अरे, तेवढे साडेसहा हजार पाठव की. उद्या दहा लाख आले की लगेच परत करते.”

गेल्या मंगळवारी रात्री कराडहून आत्याचा फोन आला तो असा. आत्या अडुसष्ट वर्षांची. फॅमिली पेन्शनवर घर चालवते, त्यातूनही पोस्टात आरडी भरते, आणि आजवर तिने कुणाकडे उसने पैसे मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे पैशाचं नाव काढताच पोटात गोळा आला. खोदून विचारलं तेव्हा कळलं की ‘नोंदणी’चे ८५० आणि ‘जीएसटी’चे १,४०० रुपये तिने आधीच भरून टाकलेत. आता तिसरी मागणी आली होती.

हे सगळं ज्या मेसेजमुळे झालं तो आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेलाय. तुमच्याही आला असेल. वैष्णोदेवीचं ५ किंवा १० रुपयांचं नाणं असेल तर १० लाख. ‘गव्हर्नर एच. एम. पटेल’ यांच्या सहीची १९५७ सालची एक रुपयाची नोट असेल तर ७ लाख. ट्रॅक्टरवाली पाचची नोट, ७८६ नंबरची कुठलीही नोट, जुन्या पाचशे-हजारच्या नोटा, सगळ्याला लाखांत भाव. नाणी घासून चकचकीत करा, दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, व्यवहाराला रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे.

आधी नाणं. वैष्णोदेवी देवस्थान मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून २०१२ साली सरकारने ही नाणी काढली, आणि ती चलनात सोडली. भाजीवाल्याच्या गल्ल्यातून, एसटीच्या सुट्ट्यातून ती आपल्या हातात आली. आत्याकडे तीन आहेत, तिच्या शेजारणीकडे पाच. जी वस्तू एका चाळीत आठ सापडते तिचे दहा लाख कोण देईल? मी पुण्यात नाण्यांच्या प्रदर्शनात गेलो होतो. तिथे ही नाणी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ढिगाने पडलेली होती आणि शाळेतली पोरं खाऊच्या पैशातून घेत होती.

पटेलांच्या नोटेचा दावा तर एका वाक्यात कोसळतो. एच. एम. पटेल रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कधीच नव्हते. १९५७ साली ते केंद्रात अर्थसचिव होते, आणि पुढे १९७७ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारात अर्थमंत्री झाले. एक रुपयाची नोट भारत सरकार काढतं, म्हणून तिच्यावर अर्थसचिवाची सही असते. ज्याला एवढंही ठाऊक नाही तो माणूस नोटांचा व्यापारी कसा असेल?

ट्रॅक्टरच्या नोटेवर मी शब्द खर्च करत नाही. आपल्यातल्या प्रत्येकाने त्या नोटेने चहा घेतलाय.

आता ‘रिझर्व्ह बँकेची मान्यता’. आत्याचे पैसे इथेच गेले, म्हणून याबद्दल नीट सांगतो. फोटो पाठवल्यावर अर्ध्या तासात तिला व्हॉट्सॅपवर एक प्रमाणपत्र आलं. वर ताडाचं झाड आणि वाघ, म्हणजे रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह. खाली गोल शिक्का, तिचं पूर्ण नाव, आणि ‘मंजूर रक्कम १०,००,०००’. आत्या मला म्हणाली, “वाघाचं चित्र होतं रे, मग मी कशाला संशय घेऊ?” तिचं चुकलं असं मी म्हणणारच नाही. नोटेवर जे चिन्ह आपण जन्मभर बघतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

पण याच गोष्टीबद्दल रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढलंय. त्यात साफ म्हटलंय की जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी काही लोक बँकेचं नाव आणि बोधचिन्ह लबाडीने वापरून शुल्क, कमिशन, कर मागत आहेत. बँक असले व्यवहार करत नाही, असलं शुल्क कधीही मागत नाही, आणि आपल्या वतीने ते गोळा करायला तिने कुठल्याही संस्थेला, कंपनीला किंवा व्यक्तीला नेमलेलं नाही. एवढं एक निवेदन ग्रुपवर टाकलं तरी त्या मेसेजमध्ये काही उरत नाही. गेली काही वर्षं ते बँकेच्या संकेतस्थळावर आहे, आणि आपण मात्र त्याऐवजी तो मेसेज पुढे ढकलत बसलोय.

या धंद्यात नाणं कुणालाच नको असतं. आत्याने तीन वेळा विचारलं, नाणं कुठल्या पत्त्यावर पाठवू? उत्तर मिळालं, “ते नंतर, आधी फाइल क्लिअर होऊ द्या.” आधी लहान रक्कम मागायची, म्हणजे माणूस फार विचार करत नाही. ती भरली की पुढची. आता आधीचे बुडतील या भीतीने माणूस भरतो. आत्याने त्यांना असंही विचारलं होतं की कर कापायचाच असेल तर माझ्या दहा लाखांतून कापा की. किती सरळ प्रश्न आहे! त्यावर त्या माणसाने आवाज चढवला, सरकारी नियम आहे म्हणाला, फाइल रद्द झाली तर आमची जबाबदारी नाही म्हणाला. आत्या घाबरली आणि तिने मला फोन लावला. आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

यातला सगळ्यात चीड आणणारा भाग अजून सांगायचाय. ‘नाणी घासून चकचकीत करा.’ आत्याच्या देव्हाऱ्यात तिच्या सासूबाईंचा राणी छाप रुपया होता, व्हिक्टोरियाचा, १८६२ सालचा. लक्ष्मीपूजनाला तो ताम्हनात निघायचा. त्यावर काळपट सावळा थर होता आणि राणीच्या केसांची एकेक बट त्यातून उठून दिसायची. आत्याने तो आधी चिंचेने आणि मग पीतांबरीने घासला. मी बघितला तेव्हा तो स्टीलच्या बिल्ल्यासारखा पांढराफटक झाला होता, राणीच्या गालावर बारीक चरे पडले होते. नाणी जमवणारा कुठलाही जाणता माणूस घासलेलं नाणं बाजूला सारतो. तो जुना थर हेच तर नाण्याच्या वयाचं लक्षण असतं. ज्या मेसेजने किंमत वाढेल म्हणून सांगितलं, त्याने होती ती किंमत घालवली.

जुन्या नाण्यांना पैसे मिळतात हे खरं आहे, तेवढं कबूल करतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे आणि लिलावात त्याला मोठी बोली लागते. ७८६ नंबरच्या नोटेला हौशी माणूस चार पैसे जास्त देतो. पण तारीख जुनी म्हणजे नाणं दुर्मीळ असं नसतं. आत्याचा १८६२ चाच घ्या. टांकसाळीने तीच तारीख ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले, म्हणून व्हिक्टोरियाच्या रुपयांत तोच जास्त सापडतो. त्यात चांदी मात्र खरी आहे: ११.६६ ग्रॅम वजन, ९१.७ टक्के शुद्धता. सराफाकडे तेवढे पैसे कधीही मिळतील.

पाचशे-हजारच्या जुन्या नोटांच्या नादी तर लागूच नका. २०१७ च्या कायद्याने त्या सगळ्या मिळून दहापेक्षा जास्त बाळगायला बंदी आहे, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत चालतात. त्याहून जास्त सापडल्या तर दहा हजार किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. आणि मेसेज म्हणतो, फोटो काढून अनोळखी माणसाला पाठवा!

त्याच रात्री आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली. तक्रारीचा क्रमांक मिळालाय, पैसे अजून नाहीत. असं कुणाचं झालं तर सकाळची वाट बघू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

रविवारी मी कराडला गेलो. आत्याला घरातलं काहीतरी विकायचंच होतं, दाराची डागडुजी करायची आहे. माळ्यावरून तांब्याचा बंब खाली काढला. गॅसचा गिझर आल्यापासून तो तसाच पडून होता. तीन दुकानांत मोडीचा भाव विचारला, किलोमागे चाळीस रुपयांचा फरक निघाला. तिसऱ्या दुकानदाराने बंबाची लोखंडी जाळी काढून बाजूला ठेवली, आत्यासमोर काटा शून्यावर आणला, वजन केलं, साडेनऊ किलो भरलं. मग गल्ला उघडला आणि पैसे मोजून तिच्या हातात ठेवले. तिच्याकडे त्याने एक रुपयाही मागितला नाही.