पाच पॅक्स

यंदा मुंबईला जायचं, पण गाडी घेऊन नाही, हे मी एप्रिलमधल्या एका रविवारी जाहीर केलं. कारण चार वर्षांपूर्वीची ट्रिप. कोल्हापूरहून गाडी हाकत गेलो, घरच्यांना गेटवेला उतरवलं आणि "पार्किंग करून आलोच" म्हणालो. त्यानंतर मी त्या परिसराला अकरा प्रदक्षिणा घातल्या, पण दर्शन काही झालं नाही. गेटवे मी पाहिला तो रात्री, बायकोच्या मोबाइलमध्ये.

मेहुण्याने आपल्या परीने समजूत घातली. "भावजी, आता मुंबईत शिरायचा टोलसुद्धा माफ आहे की! ऑक्टोबर २०२४ पासून." खरं आहे. शिरायला पैसे पडत नाहीत. प्रश्न शिरल्यावर थांबायचं कुठे हा होता, आणि थोड्याच दिवसांत कळलं की हा प्रश्न गाडीपुरता नाही, माणसांचंही तेच आहे.

बेत साधा होता. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, तीन रात्री राहायचं आणि लोकल, बेस्ट, मेट्रो आणि पाय एवढ्यावर मुंबई बघायची. दादरच का? तर मध्य आणि पश्चिम रेल्वे दोन्ही हाताशी, सिद्धिविनायक जवळ, आणि मराठीत भांडता येतं. तेव्हा हवी होती फक्त एक खोली. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, परवडणारी, फॅमिलीला चालेल अशी.

घरात माणसं पाच. मी, बायको, आई, चौदा वर्षांची कन्या, आठ वर्षांचे चिरंजीव. आजवर मला हा आकडा अगदी सरळमार्गी वाटत होता. पंचपक्वान्नं, पंचपाळं, पाच पांडव. पहिल्याच फोनवर भ्रम उतरला.

"किती पॅक्स?" पलीकडून आवाज आला.

"पॅकिंग अजून केलेलं नाही," मी म्हणालो.

"सर, पॅक्स. माणसं किती?"

"पाच."

पलीकडे शांतता पसरली. दवाखान्यात रिपोर्ट बघून डॉक्टर गप्प होतात तशी.

"सर, रूम डबल ऑक्युपन्सी आहे. एक्स्ट्रा मॅट्रेस देऊन तीन होतील. फार तर चार. पाच नाही होणार. दोन रूम घ्या."

दहा-बारा फोन केल्यावर माझी खात्री पटली की हॉटेलवाल्यांना फक्त बेचा पाढा येतो. जगात माणसं जोडीनेच हिंडतात, आणि फार झालं तर त्यांना एक मूल असतं, तेही पाच वर्षांखालचं, ज्याला गादी लागत नाही. आजी नावाचा प्राणी त्यांच्या हिशेबातच नाही. दोन खोल्या घ्यायच्या तर पैसे दुप्पट, शिवाय एक पहिल्या मजल्यावर आणि दुसरी चौथ्यावर. एका गेस्ट हाऊसवाल्याने पाच जणांची खोली आहे म्हणून सांगितलं. मी हर्षाने किंचाळायच्या बेतात होतो. मग त्याने पुढे सांगितलं, "बाथरूम कॉमन आहे, आणि वरून प्लायवूडचं पार्टिशन थोडं उघडं आहे, हवा खेळती राहावी म्हणून."

शेवटी कन्येने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "बाबा, असं कोणी फोन करत बसतं का? फिल्टर लावायचे." मग रात्री जेवणं झाल्यावर सगळे सतरंजीवर बसले आणि प्रत्येकाने आपापला फिल्टर सांगितला. बायको : चोवीस तास गरम पाणी. आई : वेस्टर्न कमोड, कारण गुडघे, आणि लिफ्ट, कारण पुन्हा गुडघे. कन्या : वायफाय. चिरंजीव : स्विमिंग पूल. मी : स्टेशनपासून एक किलोमीटर आणि दिवसाला चार हजारांच्या आत.

कन्येने बटण दाबलं. 'तुमच्या निकषांत बसणारी हॉटेलं : ०.'

मग सुरू झाला त्याग. स्विमिंग पूल पहिल्यांदा गेला, त्यावर थोडं रडणं झालं, "दादरला समुद्र आहे" या युक्तिवादावर ते थांबलं. तरी शून्य. वायफाय गेलं. शून्य. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुडघ्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. मी अंतर एक किलोमीटरवरून तीनवर नेलं. शून्य. कन्येने मला न विचारता अंतराचा फिल्टरच काढून टाकला, आणि धडाधड चौतीस हॉटेलं आली. सगळी 'मुंबई'तली. पहिलं पनवेलला होतं.

त्यात आईने चष्मा लावून स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे बघ की, इथं 'कपल फ्रेंडली' लिहिलंय. तुम्ही दोघं कपलच आहात. आपल्याशी नीट वागतील." कन्येने उशीत तोंड खुपसलं. बायको पाणी आणायला उठली. मी म्हणालो, "आई, ते नको, तिथं अंड्याचा वास येतो म्हणतात." काही खोटं बोलणं हे पुण्यकर्म असतं.

तीन दिवसांनी दादर पूर्वेचं एक हॉटेल हाताला लागलं. चार माणसांची 'फॅमिली रूम', पाचव्यासाठी गादी, एकूण चार हजार दोनशे. आता बायकोचा तपास सुरू झाला. खोलीच्या फोटोकडे ती ढुंकूनही बघत नाही. पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवलेले असले की तिचा संशय बळावतो, "एवढा वेळ आहे तर फरशी पुसायची." ती थेट बाथरूमच्या फोटोवर जाते. ज्यांनी नुसत्या बेसिनचा फोटो टाकलाय ते बाद, कारण ते काहीतरी लपवतायत. मग दोन बोटांनी फोटो मोठा करून ती कोपऱ्यात बघते. "बादली आहे." मोठ्याने निकाल जाहीर होतो. "मगही आहे. बरे लोक दिसतायत." कितीही तारे लावलेले असोत, बादली नसलेल्या हॉटेलात आमच्या घरचं कोणी आंघोळ करणार नाही.

रिव्ह्यू माझ्याकडे होते. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'वॉचमन काका खूप चांगले.' खोलीबद्दल अवाक्षर नाही. एकाने एकच तारा दिला होता, कारण त्यांच्या मुक्कामात पाऊस पडला. तिसऱ्याने तक्रार केली होती, 'रात्रभर लोकलचा आवाज येतो.' कन्या म्हणाली, "बाद." मी म्हणालो, "उलट! म्हणजे स्टेशन खरंच जवळ आहे." 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे तर सगळेच लिहितात, ती कोणाच्या पायांनी मोजलेली हे कोणी लिहीत नाही. इथे स्वतंत्र साक्षीदार मिळाला होता. शिवाय लोकल रात्री एकच्या सुमारास थांबतात आणि पहाटे चारला सुरू होतात. मध्ये तीन तास मिळतात. सुट्टीत अजून किती झोपायचं?

पैसे भरताना बिलाखाली जीएसटी पाच टक्के दिसला आणि मला सरकारबद्दल क्षणभर भरून आलं. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा खोल्यांवर तो बारा टक्के होता. हा आनंद अर्धा मिनिट टिकला. मग लक्षात आलं की आदल्या रात्री चार हजार दोनशेला असलेली खोली आता चार हजार पाचशेला झाली आहे. 'फक्त १ रूम शिल्लक!' असं लाल अक्षरात लुकलुकत होतं. ती एकच खोली आठवडाभर शिल्लक होती.

आणि मग डोंबिवलीचा फोन आला.

डोंबिवलीला माझा मामेभाऊ राहतो. आईने "कोणाला सांगू नकोस हं" अशी अट घालून ही बातमी आजऱ्याच्या मावशीला सांगितली होती, त्यामुळे ती डोंबिवलीला पोचायला चाळीस मिनिटं लागली. आईने फोन स्पीकरवर टाकला.

"आत्या, हॉटेलात? आम्ही मेलो काय?"

या प्रश्नाला आजपर्यंत कोणालाही समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही. मी काहीतरी सारवासारव केली. खरं सांगायचं तर मागे एकदा आम्ही 'मुंबई बघायला' म्हणून दादाकडे चार दिवस उतरलो होतो. माणसं सोन्यासारखी. सकाळी वहिनी पोह्यांशिवाय सोडायच्या नाहीत, पोहे होईपर्यंत लोकलची गर्दी अंगावर आलेली असायची, गर्दी ओसरायची वाट बघेपर्यंत जेवण तयार. चार दिवसांत आम्ही मुंबईतला फडके रोड व्यवस्थित पाहिला. तो डोंबिवलीत आहे.

"बरं, राहा हॉटेलात," दादा म्हणाला, "पण लोकलने कुठं जायचं ते मला विचारून जा." आणि त्याने दादरच्या प्लॅटफॉर्मचे नंबर लिहून पाठवले. सगळे जुने. दादरला आधी दोन्ही रेल्वेचे प्लॅटफॉर्म एकपासूनच सुरू व्हायचे, डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे आठपासून चौदापर्यंत केले. दादा रोज तिथूनच जातो, पण त्याचे पाय जुन्या नंबरांवर चालतात.

सकाळी सातच्या सुमारास आम्ही दादरला उतरलो. पाच माणसं, सात डाग. त्यातला एक डाग म्हणजे आईने वहिनींसाठी आणलेला आजऱ्याचा पाच किलो घनसाळ तांदूळ. हॉटेल खरोखरच सहा मिनिटांवर होतं, फक्त आईच्या गुडघ्यांनी ती एकोणीस झाली.

काउंटरवर एक तरुण पोरगा होता. त्याने सगळ्यांची आधार कार्डं मागितली. चिरंजीवांचं कार्ड निळं. ते पाच वर्षांपर्यंतच चालतं, पुढे ठसे देऊन नवं करायचं असतं, आणि ते काम माझ्याकडे तीन वर्षं पडून होतं. पोराने कार्डावरचं सहा महिन्यांचं, डोळे मिटून भोकाड पसरलेलं बाळ बघितलं, मग काउंटरवर हनुवटी टेकवून उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या माणसाकडे बघितलं. "हा हाच?" त्याने विचारलं. बायको म्हणाली, "भूक लागली की अजून असाच दिसतो."

"चेक-इन बारा वाजता आहे, सर."

घड्याळात साडेसात. चेक-आउट अकराला. म्हणजे बारा ते अकरा, हॉटेलचा दिवस तेवीस तासांचा. तो एक तास कोणाच्या खात्यात जमा होतो देव जाणे. अर्ली चेक-इनचे आठशे रुपये वेगळे. मी घासाघीस सुरू केली, कन्या "बाबा, प्लीज" म्हणत चार पावलं लांब जाऊन उभी राहिली, आणि तेवढ्यात सोफ्यावरून आईचा आवाज आला.

"बाळ, गाव कुठलं तुझं?"

"गडहिंग्लजकडचा, आजी."

"गडहिंग्लजकडचा म्हणजे?"

त्याने गाव सांगितलं. आईने त्या गावातल्या तीन माणसांची नावं घेतली. त्यातला एक त्याचा चुलता निघाला, आणि दुसऱ्याबरोबर त्यांची बांधावरून कोर्टकचेरी चालू होती, त्याविषयी आईने लगेच त्याच्या बाजूने मत दिलं. मग पिशवीची गाठ सुटली. पोराने मूठभर तांदूळ हातात घेऊन वास घेतला. तो बराच वेळ काही बोलला नाही. पावणेनऊ वाजता आम्ही खोलीत होतो. आठशे रुपयांचा विषय परत निघाला नाही, आणि डोंबिवलीचा घनसाळ तीन किलोवर आला.

खोली फोटोतलीच होती, फक्त फोटो काढणाऱ्याने भिंतीत शिरून तो काढला असावा. दार उघडलं की पलंगाला लागायचं. खिडकी होती, ती उघडली की शेजारच्या इमारतीची पाइपलाइन हातात यायची. पण गरम पाणी आलं, कमोड होता आणि कोपऱ्यात बादलीही होती, निळी, फोटोतलीच. बायकोने ओळखीचं माणूस भेटावं तशी ती उचलून बघितली.

दिवस झकास गेला. पायीच सुटल्यामुळे कुठेही थांबता येत होतं आणि कुठूनही सटकता येत होतं. चिरंजीवांच्या हट्टाखातर आम्ही भुयारी मेट्रोने दादरहून थेट कफ परेडपर्यंत गेलो. सगळा वेळ तो काचेला नाक लावून काळोख बघत होता आणि म्हणत होता, "भारी!" गेटवेसमोर मी बायकोला माझाच एक फोटो काढायला लावला. एकट्याचा. पुरावा म्हणून.

संध्याकाळी सातला परत येऊन जरा आडवे होतोय तोच दारावर थाप. दार पलंगाला लागेपर्यंत उघडलं, तर दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, वहिनींची आई, आणि आईचा एक चुलतभाऊ, जो नालासोपाऱ्याहून निव्वळ भेटायला आला होता. चार थरांचे दोन डबे. "तुम्ही येत नाही तर आम्ही आलो," वहिनी म्हणाल्या आणि पलंगावर वर्तमानपत्र पसरलं. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात. जागा नव्हती म्हणून पोरं बाथरूमच्या उंबऱ्यावर बसली. एकाने निळी बादली उपडी घालून तिचा स्टूल केला. दादा वहिनींना प्लॅटफॉर्मच्या नंबरांवरून समजावत होता की चुकला तो नाही, रेल्वे चुकली.

इंटरकॉम वाजला. सकाळचाच पोरगा, डबल ड्युटीवर होता. आवाज पडलेला.

"सर, मॅनेजर विचारतायत. तुमच्या रूमवर किती पॅक्स आहेत?"

मी मोजायला लागलो. पलंगावर पाच, गादीवर तीन, उंबऱ्यावर दोन, उभा मी. आठव्यापर्यंत पोचलो असेन, तोवर आईने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"बाळ, जेवलास का?" ती म्हणाली. "मग ये की वर. आणि ते मॅनेजर कुठल्या गावचे?"