धोबीतलावचं रंगभवन आणि बर्मिंगहॅमचा पूल

३० जुलै २०२५ रोजी कामावरून अर्धा दिवस रजा काढून मी बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवर जाऊन उभा राहिलो. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न याची अंत्ययात्रा तिथून जाणार होती. तिथल्या कालव्यावरच्या पुलाला ब्लॅक सॅबथचं नाव आहे. पुलावर धातूचा एक बाक आहे, त्यावर बँडमधल्या चौघांचे चेहरे. त्या दिवशी बाक फुलांनी झाकून गेला होता. गाडीच्या पुढे ब्रास बँड सॅबथची गाणी वाजवत चालला होता. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ काळा टी-शर्ट घालून उभे होते, त्यांचे डोळे वाहत होते. माझेही. लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाचं या चौघांशी काय नातं, हे मला तिथे कुणी विचारलं नाही.

दीड महिन्याने गणपती विसर्जनानंतर आमच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर नेहमीचा वाद पेटला. डीजेच्या भिंती, फुटणारे कान, रात्री बाराची सवलत. त्यात कुणीतरी मुंबईतल्या धोबीतलावच्या रंगभवनाचा, आवाजाच्या नियमामुळे बंद पडलेल्या खुल्या नाट्यगृहाचा, विषय काढला. एक बाजू म्हणाली, शेजारी इस्पितळं आहेत, कॉलेज आहे, बंद झालं ते योग्यच झालं. दुसरी म्हणाली, मग मिरवणुकीतल्या डीजेला वेगळा न्याय का? मला दोन्ही बाजूंचं पटलं आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

रंगभवन म्हणजे आमचं विद्यापीठ होतं. १९८६ साली तिथे इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. पंधरा ऑगस्टच्या सुमाराला, पावसात, उघड्यावर, मुंबईची पोरं डीप पर्पल आणि आयर्न मेडन या बँडची गाणी वाजवायची आणि आम्ही चिखलात उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडायचो. तोवर ही गाणी म्हणजे माझ्यासाठी एका मित्राने एलपीवरून उतरवून दिलेली नव्वद मिनिटांची कॅसेट होती. एका बाजूला सॅबथचा ‘पॅरानॉइड’ हा अल्बम, दुसऱ्या बाजूला पर्पलचा ‘मशीन हेड’. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात नुसतं ऐकायला जायचो, विकत घ्यायला पैसे नसायचे. पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे १९७१ साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोला लागलेल्या खऱ्या आगीचं गाणं आहे, हे त्या दुकानातल्या एका ग्राहकाने मला सांगितलं. तळ्यावर पसरलेला धूर बँडने स्वतः पाहिला होता. त्या दिवसापासून ते गाणं मला बातमीसारखं ऐकू येऊ लागलं.

बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि ते पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान आधीच गेले होते. घरात मी सॅबथ लावला की आई म्हणायची, बंद कर ते. बाबा मात्र टेपरेकॉर्डरवर तळहात ठेवून बसायचे. एकदा ‘आयर्न मॅन’ चालू असताना म्हणाले, “हे आमच्या खात्यासारखं वाजतंय रे.”

बाबांचं ते बोलणं किती अचूक होतं, ते मला बर्मिंगहॅमला येऊन समजलं. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी इथल्याच ॲस्टन भागातला. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सापडली आणि टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे ज्या हाताने तारा दाबायच्या तोच हात निकामी. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरच खाली आणले. हेवी मेटलचा तो जड, दबलेला आवाज एका कामगाराच्या अपघातातून आला. आमच्या चाळीत बोट गमावलेले तीन जण होते. त्यांची नावं अजून आठवतात.

इतर बँडही माझे आहेत. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच शाळकरी मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. १९७२ साली लेड झेपलिन बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, तिथले वादक घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ध्वनिमुद्रित केलं, आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवून गेले. म्हणून ‘हे परक्यांचं संगीत, आपल्या पोरांना कशाला’ हा मुद्दा मला मुळातच मान्य नाही.

पण आवाजाचा मुद्दा मान्य आहे. एका गणपतीत आई इस्पितळात होती. खालून मिरवणूक जात होती, खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. इस्पितळापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र, दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. हे आकडे मला तेव्हापासून पाठ आहेत. रॉकवर जीव टाकणारा मी, पण त्या रात्री आवाज बंद व्हावा म्हणून मी देवाला हात जोडले होते.

इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८ साली एक साधं तत्त्व लिहिलं गेलं : नंतर येणाऱ्याने सोय करायची. जुन्या क्लबशेजारी बिल्डरने फ्लॅट बांधले, तर आवाज अडवण्याचा खर्च बिल्डरचा. रंगभवनाचे चाहते याचा दाखला देऊन म्हणतील, बघा, जागा वाचली पाहिजे. पण हे तत्त्व तिथे लावलं तर ते आपल्यावरच येतं. कामा इस्पितळ १८८६ सालचं, शेजारचं झेवियर्स कॉलेज त्याहूनही जुनं. रंगभवन नंतर आलं. मग सोय रंगभवनाने करायची : छप्पर, ध्वनिरोधक भिंती, आवाजाची ठरलेली मर्यादा. त्याचा खर्च येईल, आणि तो सरकारने करावा असं माझं स्पष्ट मत आहे. २००३च्या सुमाराला तिथला मोठा आवाज थांबला तो नियमाने, आणि नियम योग्य होता. चूक त्यानंतर झाली. कुलूप लावून आपण मोकळे झालो.

बर्मिंगहॅमनेही सगळं सांभाळलं असं नाही. सॅबथ सुरुवातीला जिथे वाजवायचे तो स्टेशन स्ट्रीटवरचा क्राउन पब कित्येक वर्षं बंद आहे. बँड जमला १९६८ साली, पुलाला नाव मिळालं २०१९ साली. पहिल्या अल्बमला समीक्षकांनी झोडपलं होतं. पण ५ जुलै २०२५ला सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला तो ॲस्टनच्याच व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, जिथे ही पोरं वाढली तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. पैसे गेले मुलांच्या इस्पितळाला, मुलांच्या शुश्रूषागृहाला आणि पार्किन्सन्सवरच्या संशोधनाला. मला तिकीट मिळालं नाही. मी मैदानालगतच्या विटन लेनच्या एका कोपऱ्यावर उभा राहून ऐकलं. एका बांगलादेशी कुटुंबाने दारात खुर्च्या टाकल्या होत्या, त्यातली एक त्यांनी मला दिली.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की छप्पर घालून रंगभवन उघडा, आणि मिरवणुकीलाही तीच डेसिबलची मर्यादा लावा. एका मित्राने लगेच विचारलं, “आणि छताखाली पहिलं काय वाजवायचं?” मी ‘आयर्न मॅन’ लिहिलं. बाबा असते तर तेही तळहात ठेवायला आले असते.