‘बिल्डने गप्प बसावं’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा लागली, हे लपवत नाही. (लपवण्यावरूनच तर आपलं चाललंय.) मी लिहिलं होतं की बिल्डने, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम बांधायच्या कामाने, पडद्यावर कमीत कमी बोलावं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बिल्ड चालू असताना कंपायलरची (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) अख्खी कमांड पडद्यावर दिसलीच पाहिजे, ती झाकून नुसतं ‘सीसी मेन.ओ’ दाखवणं म्हणजे सावजीच्या भटारखान्याला कुलूप लावणं, आणि माझ्यासारखे लोक नवीन पोट्ट्यांना आंधळं करून ठेवतात.

सावजीचा दाखला झकास आहे. पण भट्टीला टेकून जेवणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

माझं मत कुठून आलं ते सांगतो. आधी आयटी पार्कातल्या ज्या कंपनीत होतो, तिथे सी भाषेतला एक जुना प्रोजेक्ट होता. साडेतीनशे फाइली, आणि प्रत्येकीची कमांड ‘-आय’च्या (हेडर-फाइली कुठल्या फोल्डरमध्ये शोधायच्या ते सांगणाऱ्या सूचनेच्या, म्हणजे फ्लॅगच्या) रांगेमुळे सहा-सात ओळींची. एका फाइलीत एक हेडर (फंक्शनची ओळख करून देणारी फाइल) घ्यायचं राहिलं होतं. कंपायलरला फंक्शनची ओळख नाही, म्हणून त्याने धरून चाललं की ते इंट (पूर्णांक) परत करतं. करत होतं पॉइंटर (मेमरीतला पत्ता). ६४ बिटांचा पॉइंटर ३२ बिटांत कोंबला, वरचा अर्धा भाग गेला, आणि प्रोग्राम काही मशीनवर मरायचा, काहींवर खुशाल चालायचा. मे महिना, कुलरचा पंप बंद, आणि आम्ही दोन दिवस डीबगरमध्ये.

कंपायलर मात्र प्रत्येक पूर्ण बिल्डला वॉर्निंग देत होता. काहीच लपलेलं नव्हतं, सगळं डोळ्यांसमोरून वाहत होतं, फक्त कोणी वाचत नव्हतं. शेवटी मी सहज मेकला (बिल्ड चालवणाऱ्या टूलला) ‘-एस’, म्हणजे ‘कमांड छापू नको’, लावून सगळं पुन्हा बांधलं, तर पडद्यावर नऊ वॉर्निंग्ज उरल्या. चौथी तीच. (जीसीसी या कंपायलरच्या १४व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, ही चूक थेट एरर धरली जाते. आमच्याकडे जुना जीसीसी.)

स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ साली बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं. ते चालवण्याआधी कमांड छापतं, नको असेल तर ओळीआधी ‘@’ टाकायचा. ओळीभराच्या कमांडला ते शोभतं. आपल्या सहा ओळींच्या कमांडला नाही.

आता तुमचा किस्सा. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या, ‘-आय’चा क्रम चुकलेला, आणि हेडर सिस्टिमच्या जुन्या फोल्डरमधून उचललं जातंय. हे पूर्ण कमांड पाहिल्याशिवाय कळलंच नसतं, कबूल. ‘मग व्ही=१ (पूर्ण कमांड दाखव) देऊन पुन्हा चालवा’ असं मी लेखात लिहिलं होतं, लिनक्स कर्नलवाले करतात तसं. तिथे मी चुकलो. ‘-जे ८’ लावलेला (एकाच वेळी आठ कमांड चालवणारा) बिल्ड एकदा पडतो आणि पुन्हा चालवला की पडतच नाही, हे माझ्याही नशिबी आलंय. तेव्हा पडलेली कमांड गेलेली असते. काऊन पडला, हे विचारायला कोणी उरत नाही.

म्हणून निंजा या बिल्ड टूलची रीत मला पटते. सगळं सुरळीत असेल तर एकच ओळ जागच्या जागी बदलत राहते. एखादी कमांड पडली की ती पूर्ण, तिच्या आउटपुटसकट समोर येते, पुन्हा चालवायला लागत नाही. शिवाय समांतर चाललेल्या कमांडचं आउटपुट एकमेकांत मिसळत नाही, कारण प्रत्येकीचं रोखून धरून ती संपल्यावर एकगठ्ठा छापलं जातं. जीएनयू मेकला ही सोय २०१३ मध्ये, ४.० या आवृत्तीत आली. एक त्रास आहे: रोखून धरल्यामुळे कंपायलरला समोर टर्मिनल दिसत नाही आणि तो एररचे रंग सोडून देतो. रंग सक्तीने चालू करावे लागतात.

सर्व्हरवरच्या बिल्डबद्दल तर तुमचंच खरं. तिथे बघायला कोणी बसलेलं नसतं, लॉग नंतर वाचला जातो, आणि तेव्हा प्रत्येक फ्लॅग हवा असतो. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॉलिसीत बिल्ड शक्य तितका बोलका असावा असंच लिहिलंय. लॉग चाळून सुरक्षेचे फ्लॅग खरंच लागले का, हे तपासणारं एक टूलही तिथे आहे. आउटपुट झाकलं तर ते काय तपासणार?

पोट्ट्यांचं मात्र पटलं नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या इंटर्नला मी ‘मेक -एन’ने नुसत्या कमांड छापायला लावल्या, त्यातली एक हाताने चालवायला सांगितली, मग एकेक फ्लॅग काढून काय मोडतं ते बघायला बसवलं. दुपारभरात ‘-आय’ आणि (लायब्ररीसाठीचा) ‘-एल’ तिच्या हाताखाली आले. पळत्या ओळींकडे बघत तर ती त्याआधी महिनाभर बसलीच होती.

लेखातला सर्व्हरचा आणि ‘पुन्हा चालवा’वाला, असे दोन्ही परिच्छेद आज रात्री बदलतो, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. माझ्या टर्मिनलवर ‘सीसी मेन.ओ’च राहील.